दामू खवल्याचा ‘च’

एका जंगलात, बाळांनो, घरोघरी टीव्ही होता. गुहेत होता, बिळात होता, ढोलीत होता. वटवाघळांकडे तर तो उलटा टांगलेला होता.

पूर्वी हा टीव्ही नुसता बोलायचा आणि जंगल नुसतं ऐकायचं. मग वाघमहाराजांनी फर्मान काढलं, की यापुढे टीव्ही डिजिटल होणार. डिजिटल म्हणजे काय ते महाराजांना माहीत नव्हतं. पण फर्मान काढायला ते माहीत असावं लागत नाही.

या नव्या टीव्हीबरोबर प्रत्येक घराला एक पेटी मिळाली आणि एक रिमोट. रिमोटवर चार रंगीत बटणं होती. लाल, हिरवं, पिवळं, निळं. बटण दाबलं की टीव्हीला उत्तर देता यायचं. आपलं ऐकून घेणारं काहीतरी घरात आलं, याचं जंगलातल्या बायकांना फार कौतुक वाटलं.

पेट्या दोघं जण बनवायचे. डोंगराच्या वरच्या अंगाला भाऊसाहेब गवे आणि खालच्या अंगाला विनायकराव कोल्हे. गवे म्हणजे रानगवा आणि कोल्हे म्हणजे कोल्हा, हे तुम्ही ओळखलंच असेल. त्या जंगलात आडनाव सांगितलं की समोरचा कोण ते कळायचं. तुमच्याकडे तसं काही नसतं, मला माहीत आहे.

दोन्ही पेट्या बाहेरून सारख्या दिसायच्या. आत मात्र दोघांची भाषा वेगळी. गव्यांच्या पेटीसाठी तयार केलेला कार्यक्रम कोल्ह्यांच्या पेटीवर लावला की पडदा निळा पडायचा. कोल्ह्यांचा गव्यांच्या पेटीवर लावला की नुसतं घड्याळ दिसायचं.

एकदा महाराजांनी टीव्हीवरून विचारलं, “पाणवठ्यातला गाळ काढायचा का? हो असेल तर हिरवं बटण दाबा.” सगळ्या जंगलाने हिरवं दाबलं. पण कोल्ह्यांच्या पेटीत हिरवं म्हणजे ‘नाही’ होतं. मतं बरोबर निम्मी निम्मी पडली. म्हणून गाळ निम्मा काढला.

त्या दिवशी महाराज रागावले. त्यांनी एक समिती नेमली. समितीने एकच नियमावली करायची, की कार्यक्रम एकदा तयार केला म्हणजे तो कुणाच्याही पेटीवर चालला पाहिजे. अशा नियमावलीला मानक म्हणतात. शेकरू हा राज्याचा मानाचा प्राणी, म्हणून सुलोचनाबाई शेकरे अध्यक्ष झाल्या. गवे आणि कोल्हे सभासद झाले. आणि प्रत्यक्ष नियम लिहायला, म्हणजे काम करायला, दामोदर खवले यांना घेतलं.

ही गोष्ट या दामूची आहे.

दामू खवल्या मांजर होता. खवल्या मांजर हे मांजर नसतं. त्याच्या अंगभर खवले असतात, पुढच्या पायांना खणायची मोठी नखं असतात, आणि ते मुंग्या खातं. दामू हुशार होता. पेटी नुसती हलवून आत काय बिघडलंय ते सांगायचा. त्याच्यात खोट एकच होती. कुणी आवाज चढवला की तो अंगाचा गोळा करायचा. नाक शेपटीखाली घालून गप्प पडून राहायचा. आजूबाजूचं सगळं थंड झालं की उलगडायचा. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं.

दामूचं बीळ एका जुन्या बेहड्याच्या मुळाशी होतं. त्याच बेहड्याच्या ढोलीत सदोबा आणि भागीरथी हे धनेश पक्ष्यांचं जोडपं राहायचं. सदोबा दामूचा जुना दोस्त. त्यामुळे भागीरथी त्याची वहिनी आणि तो तिचा दामूभावजी.

धनेशांची एक रीत असते. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि चिखलाने तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट फक्त ठेवते. नर बाहेरून फळं आणून भरवतो. पिल्लं मोठी होईपर्यंत, दोन-तीन महिने, ती आतच. त्यात तिची पिसं गळतात. त्या दिवसांत कुणी भिंत फोडली तरी तिला उडता यायचं नाही.

दामूला समितीत घेतलं त्याच्या आदल्या वर्षी चैत्रात पलीकडच्या उतारावर वणवा लागला होता. सदोबा उंबरं शोधायला लांब गेलेला. दामू कामावर. भागीरथी फटीतून दोन तास ओरडत होती. कुणाला ऐकू गेलं नाही, कारण सगळ्या जंगलात टीव्ही मोठ्याने लागले होते. मग वाराच फिरला, म्हणून ती वाचली.

ते तिने कुणाला फारसं सांगितलं नाही. पण दामूची नेमणूक झाली तेव्हा ती म्हणाली, “भावजी, या तुमच्या टीव्हीतून हाक मारता येईल का हो?”

“कुणाला?”

“कुणालाही. आग विझवणाऱ्यांना. मला काय, दाराशी यायला दारच नसतं त्या दिवसांत.”

“येईल वहिनी,” दामू म्हणाला. “का नाही येणार? एवढंही होत नसेल तर हवंय कशाला ते यंत्र?”

त्याने एकूण बासष्ट नियम लिहिले. चित्र केवढं असावं, अक्षरं कुठे यावीत, बटण दाबल्यावर किती वेळात उत्तर यावं, सगळं लिहिलं. पण जीव ओतला तो सतराव्या नियमात. तो असा होता : ‘लाल बटण दाबताच, पेटी कुणाचीही असो, तिने निरोप आगपथकाकडे पोचवावाच.’

तिसऱ्या वर्षी माघ महिन्यात सभा भरली. पहिल्या सोळा नियमांना अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी सतरावा आला.

विनायकराव कोल्ह्यांनी चष्मा पुसला. “नियम सुंदर आहे,” ते म्हणाले. “भावना तर फारच सुंदर. माझी हरकत फक्त एका अक्षराला आहे.”

“कोणत्या?” सुलोचनाबाईंनी विचारलं.

“शेवटच्या. ‘पोचवावाच’ मधल्या ‘च’ला.”

दामू म्हणाला, “का बरं?”

“का म्हणजे? ‘पोचवावा’ म्हटलं की विनंती झाली. ‘पोचवावाच’ म्हटलं की सक्ती झाली. उद्या आमच्या पेटीला गव्यांच्या पेटीची भाषा शिकवत बसायचं का आम्ही?”

भाऊसाहेब गवे सहसा कोल्ह्यांच्या कोणत्याही बोलण्याला विरोध करायचे. त्या दिवशी त्यांनी मान हलवली. “बरोबर आहे. आम्ही तरी त्यांची भाषा का शिकावी? आमची पेटी वजनदार आहे. तिला उगाच बडबडायची सवय नाही.”

दोघांचं एकमत झालेलं पाहून सुलोचनाबाईंना गहिवरून आलं. तीन वर्षांत असं झालं नव्हतं. “मग काढून टाकू या ना ‘च’,” त्या म्हणाल्या. “एका अक्षराने काय होतंय? अर्थ तर तोच राहतो.”

“बाई,” दामू म्हणाला, “अर्थ त्या अक्षरातच आहे. ते काढलं तर ज्याला पोचवायचं तो पोचवील, नाही त्याचं राहील. आणि आग लागलेल्या माणसाला,” इथे तो प्राणी म्हणणार होता, पण घाईत माणूस म्हणाला, “आपली पेटी कुणाची आहे ते बघायला सवड नसते.”

“म्हणजे आम्ही लोकांना जाळणार असं तुम्ही म्हणता?” कोल्ह्यांनी मेजावर पंजा आपटला. कपबशा उडाल्या. “हे असले आरोप मी ऐकून घेणार नाही! इतिवृत्तात लिहा!”

आणि दामूचा गोळा झाला.

गोळ्यात शिरल्यावर त्याला नेहमीसारखं उबदार, अंधारं वाटलं. बाहेर काही बोलणं चाललं होतं. त्याला वाटलं, आता उलगडावं. अजून आवाज मोठे आहेत. थोडं थांबू. आता उलगडावं. अजून जरा.

“खवल्यांचं काय म्हणणं आहे?” सुलोचनाबाई गोळ्याकडे बघून म्हणाल्या. त्या क्षणभर थांबल्या. “त्यांचं काही म्हणणं नाही. लिहा, एकमताने मंजूर.”

इतिवृत्त लिहायचं काम खरं दामूचंच. पण तो लिहायच्या स्थितीत नव्हता म्हणून कोल्ह्यांनीच ते लिहून काढलं. फार सुवाच्य अक्षरात.

दामू उलगडला तेव्हा त्या दिवसाची सभा संपली होती. सगळ्यांना चहा आणि शेव मिळाली होती. त्याच्या बशीतली शेवही कुणीतरी खाल्ली होती.

घरी आला तर भागीरथी ढोलीचं तोंड लिंपत होती. सदोबा खालून चिखल आणून देत होता. ती आत बसून चोचीने थापत होती. तोंड आता तळहाताएवढंच उरलं होतं.

“आलात भावजी? बरं झालं. तुमच्यासाठीच थोडं उघडं ठेवलंय. ते लाल बटणाचं झालं का?”

दामूने रिमोटकडे पाहिलं. तो तिने आत, डाव्या हाताला, नीट टेकवून ठेवला होता. पेटी कोल्ह्यांची होती.

“झालं वहिनी,” तो म्हणाला. “आज मंजूर झालं.”

हे खोटं नव्हतं. नियम मंजूर झालाच होता.

“ऐकलंत का हो,” भागीरथी नवऱ्याला म्हणाली, “आता तुम्ही जवळपास घुटमळत बसू नका. कड्यापलीकडे उंबराला भरपूर फळ आहे म्हणतात. तिकडे जा. मला काही झालं तर बटण आहे.”

“खरंच?” सदोबाने दामूला विचारलं.

दामूने मान हलवली. मग तो बिळात शिरला, आणि कुणी आवाज चढवलेला नसताना त्याने अंगाचा गोळा केला.

पुढचे दीड महिने तो रोज ठरवायचा, आज वहिनींना सांगू. सकाळी निघताना वर बघून म्हणायचा, “वहिनी...” आणि ती फटीतून म्हणायची, “पिल्लं बाहेर आली हो भावजी! दोन आहेत!” मग तो म्हणायचा, “वा वा,” आणि कामाला जायचा.

चैत्र उजाडला. गवत वाळून कागद झालं. आणि जंगलात ‘गोड गळा’ या गायनस्पर्धेची अंतिम फेरी आली.

ही स्पर्धा नव्या टीव्हीचा मोठा उत्सव होता. चार गायक गाणार, आणि जंगलाने घरी बसून बटण दाबून मत द्यायचं. हिरवं बटण कोकिळाला, पिवळं श्यामा पक्ष्याला, निळं बुलबुलाला. चौथा गायक होता रंगराव. हा रंगराव विनायकराव कोल्ह्यांचा मेव्हणा. तो अंतिम फेरीत कसा आला हे विचारू नका. कोल्ह्यांच्या पेटीत लाल बटण मोकळंच पडलं होतं. ते त्यांनी मेव्हण्याला देऊन टाकलं. नियमात ‘पोचवावा’ असं होतं. त्यांनी नाही पोचवला. नियम काही मोडला नव्हता.

त्या दुपारी मतमोजणीच्या खोलीत दामूची नेमणूक होती. समोर मोठा फळा होता. कुठल्या घरातून कुणाला किती मतं आली ते त्यावर आपोआप उमटायचं. शेजारी विनायकराव पाय पसरून बसले होते. भिंतीपलीकडे आगपथकाची कचेरी. तिथे पथकप्रमुख अस्वल गव्यांच्या पेटीसमोर बसून तीच स्पर्धा बघत होतं.

कोकिळाला चारशे मतं झाली. श्यामाला तीनशे. बुलबुलाला दोनशे दहा. रंगरावांनी तान घेतली, ती मध्येच कुठेतरी सुटली. त्यांच्या नावापुढे शून्य होतं.

“रसिक उरले नाहीत,” विनायकराव म्हणाले.

तेवढ्यात शून्याचा एक झाला. मग दोन. मग पाच.

विनायकराव उठून उभे राहिले. “बघा! बघा खवले! कुणीतरी आहे!”

नऊ. तेरा. सगळी मतं एकाच घरातून येत होती. फळ्यावर घराचा नंबर होता, ढोली अठ्ठ्याऐंशी.

दामूने तो नंबर वाचला आणि त्याच्या अंगावरचे खवले उभे राहिले. ढोली अठ्ठ्याऐंशी भागीरथीची. परवाच रंगरावांचं गाणं लागलं होतं, तेव्हा तिने फटीतून विचारलं होतं, “भावजी, याचा आवाज कुठून बंद करायचा हो?”

अठरा. एकोणीस.

“विनायकराव,” दामू म्हणाला, “ही मतं नाहीत. वहिनी हाक मारतेय. तिथे आग लागलीय.”

“काय बोलताय!”

“तिने लाल बटण दाबलंय. मीच सांगितलं होतं तिला.”

“मग? लाल म्हणजे रंगराव. पडद्यावर स्वच्छ लिहिलंय. एखाद्याला आवडतं गाणं.”

“एकोणीस वेळा?”

“खऱ्या रसिकाला मोजमाप नसतं, खवले.”

दामू धावत भिंतीपलीकडे गेला. अस्वलाला म्हणाला, “साहेब, बेहड्याकडे आग आहे. पथक काढा.”

अस्वलाने आपल्या पेटीकडे पाहिलं. पेटी वजनदार होती आणि गप्प होती. “निरोप आला नाही,” ते म्हणालं.

“निरोप शेजारच्या खोलीत आलाय. या बघायला.”

“शेजारच्या खोलीत आलेला निरोप तिकडचा. माझ्याकडे या पेटीतून आला पाहिजे. असं कुणी सांगितलं म्हणून पथक काढलं, आणि तेवढ्यात खरा निरोप आला, तर मी काय करू?”

“अहो, खिडकीतून बघा तरी! धूर दिसेल!”

“खिडकी आता बंद केलीय,” अस्वल म्हणालं. “पडद्यावर ऊन येतं.”

तेवढ्यात विनायकराव मागून आले. ते ओरडले, “खवले! मतदान गुप्त असतं! तुम्ही फोडताय! तुमच्यावर कारवाई होईल!”

आवाज चढला. दामूची मान खाली गेली. नाक शेपटीकडे वळलं. पाठ वाकायला लागली. उघड्या दारातून त्याला फळा दिसत होता. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस. प्रत्येक आकड्याला तिकडे एक चोच एका बटणावर आपटत होती, आणि पेटी तिला दर वेळी म्हणत असणार, आपल्या पसंतीबद्दल आभार.

दामूने मान वर केली. ते किती जड असतं हे गोळा न होणाऱ्यांना कळायचं नाही.

“करा कारवाई,” तो म्हणाला, आणि निघाला.

कचेरीपासून बेहड्यापर्यंत दोन उतार होते. खवल्या मांजराची चाल धीमी. दामूने उतार बघितला, अंगाचा गोळा केला आणि स्वतःला सोडून दिलं. दगडांवर आपटत, काट्यांतून जात तो घरंगळला. पहिल्या उताराच्या तळाला एका चिखलाच्या डबक्यात धप्पकन पडला.

डबक्यात रानडुकरं लोळत होती. आठ-दहा असतील. त्यांच्यात मोठी होती गंगूआक्का. या डुकरांना टीव्ही मिळाला नव्हता. त्यांना कायमचा पत्ता नव्हता, म्हणून अर्ज परत आला होता.

“कोण रं त्यो?” गंगूआक्का म्हणाली. “दामू? आरं, पडलास का काय?”

“आक्का, आग! बेहड्यापाशी! भागीरथीवहिनी आत कोंडलीय, दोन पिल्लं आहेत!”

गंगूआक्काने नाक वर करून हुंगलं. “धूर तर मगाधरनं येतोय. आमी म्हनलं, तुमचं पथक आसंल की तिकडं.”

“पथक नाही आलं.”

“का?”

“‘च’ काढला होता, आक्का.”

“आता ह्यो च काय आसतो?”

“नंतर सांगतो.”

“मग बोलत काय बसलास? चला गं पोरींनो!”

बेहड्यापाशी पोचले तेव्हा वणवा शंभर पावलांवर होता. गवत तडतडत होतं. धूर बुंध्याला लपेटला होता. वर फटीतून चोच दिसत होती, आणि आतून टक टक टक आवाज येत होता.

“वहिनी! मी आलोय!”

टकटक थांबली. “भावजी! चोच दुखली हो दाबून दाबून! पथक आलं?”

“नाही वहिनी. डुकरं आलीयत.”

“डुकरं तर डुकरं,” भागीरथी खोकत म्हणाली. “लवकर करा काय ते. पिल्लं गुदमरतायत.”

वणवा अडवायचा तर त्याच्या वाटेतलं गवत काढून उघड्या मातीचा पट्टा करावा लागतो. मातीला आग खाता येत नाही. रानडुकरांना हे कुणी शिकवलं नव्हतं. पण जमीन उकरणं हे त्यांचं रोजचं जेवण. आठ नाकं मातीत घुसली. दामूने नखं लावली. समितीत गेल्यापासून तीन वर्षं ती नखं फक्त कागद धरायला वापरली होती. ती तुटली, रक्त आलं. बेहड्याभोवती गोल खणत खणत तो एकदा फटीखाली आला तेव्हा म्हणाला, “वहिनी, मी त्या दिवशी खोटं बोललो. बटणाचं झालं नव्हतं.”

त्याने आणखी दोन पंजे माती उपसली.

“मला सांगायचं होतं. धीर झाला नाही.”

“भावजी,” भागीरथी म्हणाली, “आधी खणा.”

त्याने खणलं. ज्वाळा पट्ट्यापाशी आल्या. उंच झाल्या. दोनदा ठिणग्या अलीकडे उडाल्या, दोन्ही वेळा गंगूआक्का त्यांच्यावर ओल्या अंगानिशी लोळली. तिच्या पाठीचे केस करपले. मग आगीला पुढे काही मिळेना. ती डावीकडे गेली, नदीच्या वाळूपाशी पोचली आणि विझली.

संध्याकाळी सदोबा आला. चोचीत उंबरं होती. खाली सगळं काळं, मध्ये तेवढा बेहडा उभा. उंबरं त्याच्या चोचीतून पडली. मग फटीतून दुसरी चोच बाहेर आली आणि म्हणाली, “पाडलीत ना सगळी? आता पिल्लांना काय देऊ?”

सदोबा ती उंबरं एकेक वेचायला लागला. दामू त्याच्याशेजारी बसून वेचू लागला.

“तू मान हलवली होतीस,” सदोबा म्हणाला.

“हो.”

“पुढच्या वेळी नको हलवू.”

“नाही हलवणार.”

पुढच्या आठवड्यात समितीची खास सभा झाली. वाघमहाराज स्वतः आले होते. विनायकराव कोल्हे भाषणाला उभे राहिले.

“महाराज,” ते म्हणाले, “संकटात सापडलेल्या एका मातेने आमच्या पेटीचं बटण दाबलं. एकदा नाही, एक्केचाळीस वेळा. एक्केचाळीसही निरोप सुखरूप पोचले. कर्तव्यदक्ष कर्मचाऱ्याने ते ओळखले. मदत गेली. माता वाचली. दोन बाळं वाचली. आता मला सांगा, त्या नियमात ‘च’ होता का? नव्हता! ‘च’ नसतानाही निरोप पोचला! म्हणजे ‘च’ची गरजच नव्हती, हे सिद्ध झालं.”

टाळ्या झाल्या. भाऊसाहेब गवे म्हणाले, “मग बाकीच्या नियमांतले ‘च’ही काढू या.” बाकी नियमांत एकूण चौतीस ‘च’ होते. सगळे एका दुपारी निघाले. नियमावली कितीतरी हलकी झाली.

दामू गोळा झाला नाही. तो ताठ उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, “माझी हरकत आहे!”

टाळ्या चालू होत्या. सुलोचनाबाईंना फक्त तो उभा राहिलेला दिसला. “खवलेही उठून अभिनंदन करतायत,” त्या म्हणाल्या. “लिहा.”

रानडुकरांचा सत्कार झाला. परवानगीशिवाय वनजमीन उकरल्याबद्दल त्यांना नोटीस आली. आणि विशेष बाब म्हणून, पत्ता नसतानाही, प्रत्येकाला एक पेटी देण्यात आली. गंगूआक्काने पेटी हुंगली, उलटी केली आणि विचारलं, “ह्यात काय खात्यात?”

रंगराव एक्केचाळीस मतं मिळवून चौथे आले. गायक चारच होते. पण आपल्याला एक निस्सीम चाहती आहे, याने ते भारावून गेले. एके दिवशी ते बेहड्याखाली आले आणि आभार म्हणून तीन तास गायले. भागीरथी आत लिंपलेली होती. तिला कुठे जाता येईना. सदोबाला येत होतं. तो लगेच उंबरं आणायला गेला.

पुढच्या माघात भागीरथीने ढोली लिंपायला घेतली तेव्हा पेटी बाहेर ठेवली. दामूने तिच्या फटीपासून आपल्या बिळापर्यंत एक लांब वेल सोडली. एक टोक तिच्या चोचीशी. दुसरं टोक त्याने स्वतःच्या शेपटीला बांधलं. कामावर जाताना तो ते टोक डबक्यापर्यंत नेऊन गंगूआक्काच्या शेपटीला बांधून जायचा. वहिनीने वेल ओढली की शेपटी हलायची. तिने एकदा नुसतं बघायला म्हणून ओढली, तर आठ डुकरं धावत आली.

ही बातमी समितीपर्यंत गेली. वेल कोणत्या मानकाप्रमाणे आहे, याची चौकशी करायला उपसमिती नेमली आहे. ती अजून बसलेली आहे.

तात्पर्य : मुलांनो, मत द्यायची वेळ आली की नेहमी सगळ्यात भिकार गायकालाच द्यावं. चांगल्या गायकाला मत देणारे शेकडो असतात. त्यांच्यातला एखादा जळत असला तर कुणाच्या लक्षात येणार?